मधुमेही मांजराची शी पुन्हा पुन्हा अडते तेव्हा

दोन-अडीच दिवस ट्रेमध्ये काहीच नाही. मग एखाद्या पहाटे कुंथून कुंथून हरभऱ्याएवढे तीन-चार कोरडे खडे पडतात, एखाद्यावर रक्ताची बारीक रेघ. डॉक्टर एनिमा देतात, मांजर मोकळं होतं, खायला लागतं आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच सुरू. इन्सुलिनवर असलेल्या मांजरांत हा फेरा वारंवार दिसतो. तो तुटत नाही, कारण त्याचं मूळ बहुतेक वेळा आतड्यात नसतंच. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते २९० मि.ग्रॅ.च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. ती तूट भरून काढायला शरीर मोठ्या आतड्यातल्या मळातलं उरलंसुरलं पाणी शोषून घेतं. मळ जितका जास्त वेळ आत थांबेल तितका वाळतो आणि जितका वाळेल तितका आणखी थांबतो. म्हणून अशा मांजरासाठी रेचकाची बाटली उघडण्याआधी रोजच्या साखरेच्या नोंदींची वही उघडावी.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. पोट गच्च झालेलं मांजर खात नाही, आणि न खाल्लेल्या मांजराला नेहमीचा इन्सुलिनचा डोस टोचला तर साखर कोसळून जीव जाऊ शकतो. निरोगी मांजराच्या मलावरोधावर जे चालतं ते इथे जसंच्या तसं चालत नाही, ते यामुळेच.

आधी खात्री करा: अडली आहे ती शी की लघवी?

ट्रेमध्ये जाऊन बसणं, कुंथणं, ओरडणं, बाहेर येऊन खालची बाजू चाटत बसणं ही लक्षणं दोन्हींत सारखीच असतात. बोक्यांत मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे लघवी पूर्ण तुंबू शकते, आणि तसं झालं तर दोन-तीन दिवसांत मृत्यू होतो. त्यात मधुमेही मांजराच्या लघवीत साखर असल्याने जंतुसंसर्गही लवकर होतो. त्यामुळे शी बघण्याआधी लघवीचे गोळे मोजा. गोळा धरणारं लिटर (ओलं झालं की गोळे बनणारी ट्रेमधली माती) वापरत असाल तर साखर चढलेल्या मांजराचे गोळे मोठे, लिंबापेक्षा मोठे, आणि दिवसात बरेच असतात. रोज पाच गोळे निघतात आणि आज एकही नाही, किंवा नुसते वाटाण्याएवढे थेंब आहेत, तर ही शीची अडचण समजू नका. बोक्याने बारा तासांत लघवी केलेली नसेल तर रात्र असली तरी निघा. पोट दाबून बघू नका, ताणलेली लघवीची पिशवी आत फुटू शकते.

आणखी एक फसवणूक अशी की आत मोठा खडा अडकलेला असताना त्याच्या कडेने थोडं पातळ, बुळबुळीत पाणी बाहेर येतं. घरच्यांना वाटतं जुलाब झालेत. मग जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं आणि आतडं पुरतं बंद होतं. चार दिवस घट्ट शी झालेली नाही आणि आता चमचाभर चिकट पाणी पडलं, तर ते जुलाब नव्हेत.

घरी न थांबता डॉक्टरांकडे न्यायची वेळ: तीन दिवस शी नाही, उलट्या होत आहेत, चोवीस तास खाल्लेलं नाही, मांजर कोपऱ्यात दबून बसलंय किंवा लटपटतंय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतोय. शेवटचं लक्षण केटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्ल पदार्थ) वाढल्याचं असू शकतं. सगळ्यांना तो वास ओळखता येत नाही, म्हणून लघवीतले केटोन तपासायच्या पट्ट्या घरात ठेवाव्यात. औषधाच्या दुकानात माणसांसाठीच्या मिळतात, त्याच चालतात. केटोन आले आणि मांजर खात नाहीये, तर मलावरोध हा त्या दिवशीचा दुय्यम प्रश्न आहे.

पोट अडलेल्या दिवशी इन्सुलिनचं काय करायचं

हे तुमच्या डॉक्टरांशी चांगल्या दिवशीच बोलून, कागदावर लिहून, फ्रिजच्या दाराला चिकटवून ठेवा. रात्री साडेनऊला फोन लागेलच असं नाही. सर्वसाधारणपणे क्रम असा असतो: आधी साखर मोजायची, मग खायला द्यायचं, खाल्ल्यावर टोचायचं. पूर्ण खाल्लं आणि साखर नेहमीसारखी वर असेल तर नेहमीचा डोस. निम्मं किंवा त्याहून कमी खाल्लं तर बहुतेक डॉक्टर निम्मा डोस सांगतात. काहीच खाल्लं नाही किंवा खाल्लेलं ओकलं तर पूर्ण डोस देऊच नये, त्याच तासात डॉक्टरांना विचारावं. पण «खात नाही, मग इन्सुलिनच बंद» असं आपल्या मनाने दोन-तीन दिवस चालवलं तर केटोन वाढून मांजर त्याहून मोठ्या संकटात जातं. एक डोस कमी करणं आणि इन्सुलिन थांबवणं यांत मोठा फरक आहे.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा काहीसा कमी दाखवतो. तरीही त्यावर ६० च्या खाली आकडा आला तर साखर पडली असंच धरून चाला. मांजर शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. लडखडत असेल तर ग्लुकोज पावडर पाण्यात दाट कालवून किंवा मध घेऊन एक छोटा चमचा हिरड्यांना बोटाने चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, फक्त हिरडीला लावा आणि निघा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गुळाचा खडा किंवा साखरेचे दाणे तोंडात कोंबण्यात अर्थ नाही, ते विरघळून हिरडीतून आत जायला वेळ लागतो आणि घशात अडकायची भीती असते.

मळ वाळतोय, तर साखर का चढलेली आहे?

वही उघडली आणि दिवसाचा बराच वेळ आकडे २५० च्या वर दिसत असतील, तर मलावरोधाचं पहिलं औषध म्हणजे साखर आटोक्यात आणणं. डोस वाढवण्याआधी मात्र दोन चुका तपासा, कारण त्या घरोघरी होतात.

पहिली सिरिंजची. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांचं मिळतं: एका मि.ली.त ४० युनिट आणि १०० युनिट. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. मांजरांना बऱ्याचदा दिलं जाणारं ग्लार्जिन हे साधारणपणे १०० युनिटचं असतं. ४० चं इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरलं तर मांजराला अडीच पट कमी औषध जातं, साखर खाली येत नाही, ट्रे लघवीने भरत राहतो आणि शी वाळत राहते. उलट बाजूने, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर अडीच पट जास्त जातं, आणि ते जिवावर बेततं. दुकानदाराने «तीच आहे» म्हटलं तरी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा, दर वेळी.

दुसरी चूक उन्हाळ्याची. उघडलेल्या ग्लार्जिनच्या वेष्टनावर ३० अंशांखाली ठेवून २८ दिवस अशी मर्यादा दिलेली असते. सांगली-मिरजेला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या स्वयंपाकघरात ओट्यावर राहिलेली बाटली आठवड्याभरात दुबळी होऊ शकते. फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. वीज बराच वेळ जाणार असेल तर बाटली दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून माठाच्या पाण्यात ठेवता येते. एरवी साफ दिसणारं ग्लार्जिन गढूळ दिसलं तर वापरू नका.

याशिवाय एखादं स्टेरॉइडचं इंजेक्शन (खाज, तोंडातली सूज यासाठी दिलेलं) साखर काही आठवडे वर ठेवू शकतं. नव्या डॉक्टरांकडे गेलात तर मांजर मधुमेही आहे हे दारातच सांगा.

साखर बरी आहे, तरीही अडतंय

मग बाकीची कारणं बघायची, आणि बऱ्याचदा ती एकाहून अधिक असतात.

मांजर चालताना मागच्या पायांकडे बघा. निरोगी मांजर बोटांवर चालतं. मधुमेहाने मज्जातंतू दुखावलेलं मांजर घोटा जमिनीला टेकवून, सशासारखं चालतं. त्याला शीसाठी लागणारी उकिडवी बैठक धरता येत नाही. अर्ध्यातच पाय सरकतो, ते ट्रेतून बाहेर येतं आणि मळ आत राहतो. अशा वेळी औषधापेक्षा ट्रे बदलल्याने जास्त फरक पडतो. घमेलं किंवा उंच टब काढून टाका. पसरट प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, त्याची एक बाजू कापून पाच ते सात सें.मी. उंचीची करा, धार घासून गुळगुळीत करा. तळाला रबरी चटईचा तुकडा घाला, म्हणजे पाय सरकणार नाहीत. एका मांजराला दोन ट्रे. साखर चढलेल्या मांजराचा ट्रे काही तासांतच ओला होतो, आणि ओल्या ट्रेमध्ये पाय ठेवायचा नाही म्हणून ते शी धरून ठेवतं. दिवसातून दोनदा तरी गोळे काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एवढ्यानेच सुटलेली मांजरं कमी नाहीत.

पायांच्या या दुखण्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा मिथाइलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्वाचं एक रूप) देतात. इथे एक धोका जरा ठळक सांगायला हवा. माणसांसाठीच्या मिथाइलकोबालामिनच्या कितीतरी गोळ्यांत अल्फा लिपोइक ॲसिड मिसळलेलं असतं आणि ते मांजराला विषारी आहे, कुत्र्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेत. घरातल्या आजोबांच्या मधुमेहाच्या डब्यातली गोळी मांजराला कधीही देऊ नका. विकत आणताना पट्टीच्या मागची घटकांची ओळ पूर्ण वाचा, एकच नाव असेल तरच घ्या.

रक्तातलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ते कमी झालं की स्नायू ढिले पडतात, आतड्याचेही. मान खाली घालून बसणारं, उडी न मारणारं मांजर असेल तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) दोन्ही तपासून घ्या. म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाचा आजार बऱ्याचदा मधुमेहासोबतच असतो आणि तोही पाणी पळवतो. तपासणीशिवाय पोटॅशियमचं सिरप देऊ नका, जास्त झालं तर हृदय थांबतं.

हाडं हे आपल्या भागात फार मोठं कारण आहे. कोंबडीची मुंडी, माशाचा काटा, मटणाच्या दुकानातली चुराड असं मांजराला आवडीने घातलं जातं. हाडाचा चुरा मळात खडूसारखा बसतो. शी पांढरट आणि चुरा होणारी असेल तर हाडं पूर्ण बंद. खारवलेलं सुकट-बोंबीलही नको.

औषधांकडेही बघा: सर्दी-खाजेची ॲलर्जीविरोधी औषधं, लघवी वाढवणारी, लोहाची, ॲल्युमिनियम असलेली फॉस्फेट कमी करणारी आणि तीव्र वेदनाशामकं. लांब केसांच्या मांजराच्या शेपटीखाली गुठळी होऊन दारच बंद झालेलं असतं, हे तर नुसतं शेपूट उचलून दिसतं. पूर्वी गाडीखाली सापडून कंबर मोडलेली असेल तर हाड वाकडं जुळून मार्ग अरुंद झालेला असू शकतो. त्याला कितीही भोपळा घातला तरी उपयोग नाही, एक्स-रे काढावा लागतो.

पाणी किती, आणि ते पोटात कसं घालायचं

साडेचार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून साधारण २२५ ते २७० मि.ली. पाणी लागतं, साखर चढलेली असेल तर याहूनही जास्त. कोरड्या दाण्यांत पाणी असतं जेमतेम दहा टक्के. म्हणजे ६० ग्रॅम दाण्यांतून मिळालं ६ मि.ली. ओल्या पाऊचमध्ये ८० टक्के असतं: ८५ ग्रॅमच्या तीन पाऊचमधून २०४ मि.ली. आलं आणि दर जेवणात दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मि.ली., कोमट पाणी कालवलं तर दोन जेवणांत आणखी ६०. हिशोब इथेच पुरा होतो, मांजर वाटीतलं पाणी प्यायलं नाही तरी. कोरड्यावरून ओल्यावर जाणं हा मलावरोधावर सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे.

आणि मधुमेही मांजरात तोच सगळ्यांत धोकादायकही आहे, बेसावध केला तर. दाण्यांत कर्बोदकं जास्त, ओल्यात कमी. खाणं बदललं की साखर उतरते, आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरतो. काही मांजरांत हे दोन-तीन दिवसांत घडतं. म्हणून बदल डॉक्टरांना सांगूनच करा, दर दोन-तीन दिवसांनी पाव भाग याप्रमाणे आठ-दहा दिवसांत पुरा करा, आणि त्या काळात प्रत्येक टोचणीआधी साखर मोजा. घरी मोजायची सोय नसेल तर हा बदल सुरूच करू नका.

सगळी ओली खाणी सारखी नसतात. पाकिटावर कर्बोदकं लिहिलेली नसतात, पण काढता येतात: १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. राख लिहिलेली नसेल तर ओल्यात २ धरा. समजा प्रथिनं १०, चरबी ३, तंतू १, ओलावा ८०, राख २. उरले ४. आता ऊर्जा: प्रथिनं आणि कर्बोदकांना ३.५ ने, चरबीला ८.५ ने गुणा. ३५ अधिक २५.५ अधिक १४, एकूण ७४.५. त्यातले १४ म्हणजे जवळपास १९ टक्के. मधुमेही मांजरासाठी हा आकडा १० ते १२ च्या आसपास किंवा खाली हवा. दाट रश्शाच्या पाऊचमध्ये पिठाचा घट्टपणा असतो, त्यामुळे आकडा वर जातो. हाच हिशोब कोरड्या दाण्यांचा (प्रथिनं ३०, चरबी १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८) केला तर ४१ टक्के येतो. दूध-भाकरी आणि दूध-भातावर वाढलेल्या मांजराचं तर विचारूच नका. तिथे कर्बोदकांवरच सगळा भर असतो, आणि दुधातली साखर वेगळीच.

घरचं द्यायचं तर हाड काढलेलं चिकन, भरपूर पाण्यात उकडून, पाण्यासकट. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून आपल्या रश्शातलं पाणी काढून देणंही चूक. पण नुसतं चिकन हा पूर्ण आहार नव्हे, त्यात कॅल्शियम नाही आणि उकडताना मांजराला अत्यावश्यक असलेलं टॉरिनही पाण्यात उतरतं. पाऊचमध्ये पाणी वाढवायला हा रस्सा वापरा, आहार म्हणून नको.

पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब. मिशा टेकणार नाहीत असं मातीचं पसरट परळ उन्हाळ्यात उत्तम, पाणी गार राहतं. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडच्या गारठ्यात मांजरं पाण्याला तोंड लावत नाहीत, तेव्हा कोमट करून ठेवा. एक सावधगिरी: मांजर अचानक खूप पाणी पिऊ लागलं तर खूश होऊ नका. ती साखर चढल्याची खूण आहे.

औषधं, आणि कोणतं कशासाठी

आमच्या मते मधुमेही मांजरासाठी पहिली निवड पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३३५० ची साधी पूड. ती रक्तात जवळपास शोषली जात नाही, साखर वाढवत नाही, चव नाही. ती फक्त आतड्यातलं पाणी मळातच धरून ठेवते. सुरुवात छोट्या चमच्याचा आठवा भाग (सुमारे अर्धा ग्रॅम) ओल्या खाण्यात, दिवसातून दोनदा. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी दुप्पट करू नका. तीन दिवसांनी गरज वाटली तर पाव चमच्यापर्यंत. शी ओघळू लागली तर चालू मात्रेचा पाव भाग कमी करा, एकदम बंद करू नका. दुकानात मागताना नीट बघा: कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायची जी मोठी पाकिटं मिळतात त्यांतही हेच नाव असतं, पण सोबत सोडियम सल्फेट, पोटॅशियम असे क्षार असतात. ती नको. आणि पाण्याने कोरड्या पडलेल्या मांजराला ही पूड देण्याआधी पाणी भरून काढावं लागतं, नाहीतर ती शरीरातलंच ओढते.

लॅक्टुलोज हे डॉक्टर हमखास लिहून देतात आणि ते काम करतं. मात्रा किलोमागे अर्धा मि.ली., दिवसातून दोन-तीनदा. चार किलोला २ मि.ली. दोनदा. अडचण अशी की त्या गोड पाकात थोडं गॅलॅक्टोज आणि लॅक्टोजही असतं, त्यामुळे काही मांजरांत साखर वर सरकते. चिकट गोड चव मांजरांना सोसत नाही, लाळ गाळतात. आधीपासून चालू असेल आणि साखर ठीक असेल तर बदलायची घाई नको. नव्याने सुरू करत असाल तर पहिले चार दिवस साखर रोज मोजा.

इसबगोल सगळीकडे मिळतं, म्हणून तेच सर्रास वापरलं जातं, आणि चुकतं ते इथेच. इसबगोल पाणी शोषून फुगतं. कोरडं शिंपडलं तर ते आतड्यातलं पाणी शोषतं आणि खडा आणखी पक्का होतो. साधं, साखर-सुगंध न मिसळलेलं घ्या. सोनामुखी मिसळलेली चूर्णं वेगळी, ती नकोत. पाव छोटा चमचा इसबगोल तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. चमच्यावरून जेलीसारखं सरकेल असं झालं की खाण्यात कालवा. पाणी सुटून दिसत असेल तर ठीक, पण कोरडा गोळा झाला असेल तर आणखी पाणी घाला. अधूनमधून अडणाऱ्या, पाणी पुरेसं मिळणाऱ्या मांजराला हे चांगलं. आत आधीच मोठा खडा बसलाय किंवा आतडं फुगून ढिलं पडलंय, तर तंतू वाढवणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी कचरा ढकलणं.

उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा, एक-दोन छोटे चमचे, चालतो. त्यात कर्बोदकं थोडीच, पण तंतूही थोडेच, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

आता जे द्यायचं नाही ते. एरंडेल नाही. त्रिफळा, सोनामुखी नाही. वाटीभर कोमट दूध-तूप नाही: दुधाने साखर चढते, आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडाला सूज यायची शक्यता आधीच जास्त असते, त्यावर तुपाचा भार नको. तासगाव पट्ट्यात घरोघरी बेदाणा असतो, माणसांना भिजवलेल्या काळ्या मनुका देतात. मांजराला देऊ नका, साखर तर आहेच, शिवाय द्राक्ष-बेदाण्याने कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि मांजरासाठीही तो धोकाच मानतात. लिक्विड पॅराफिन तोंडात सिरिंजने घालणं सगळ्यांत वाईट: त्याला चव नसल्याने मांजर गिळत नाही, ते श्वासनलिकेत उतरतं आणि फुफ्फुसात तेलाचा न्यूमोनिया होतो. माणसांसाठीचा तयार एनिमा, ज्यावर सोडियम फॉस्फेट लिहिलंय, तो मांजराचा जीव घेतो. एकच पुरतो. घरी एनिमा देऊच नका, कोणताही.

डॉक्टरांकडे काय होतं, आणि काय विचारायचं

आधी सलाईन, मग एनिमा हा क्रम बरोबर. कातडीखाली साधारण १०० मि.ली. रिंगर लॅक्टेट किंवा साधं सलाईन दिल्यावर काही तासांत खडा थोडा सैल होतो. काही जणांना हे घरी द्यायला शिकवतात, ते उत्तम, हृदयाचा आजार नसेल तर. बाटली आणताना डीएनएस किंवा डेक्स्ट्रोज लिहिलेली घेऊ नका, ती साखरेची असते. एनिमा म्हणजे कोमट पाणी किंवा सलाईन किलोमागे ५ ते १० मि.ली., बारीक मऊ नळीने, हळूहळू. घाईने सोडलं की मांजर ओकतं. तेवढ्याने सुटलं नाही तर भूल देऊन हाताने काढावं लागतं. त्यासाठी उपाशी ठेवतात, म्हणून «सकाळचं इन्सुलिन किती द्यायचं?» हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

दोनदा एनिमा लागला की एक्स-रे काढून घ्या. त्यात मोठ्या आतड्याची सर्वांत जास्त रुंदी पाचव्या कंबरेच्या मणक्याच्या लांबीशी ताडतात. गुणोत्तर १.४८ च्या वर गेलं तर आतडं कायमचं फुगलं असण्याची शक्यता धरतात. तिथे आतड्याला चालना देणारं औषध लागतं. परदेशी लेखांत दिसणाऱ्या सिसाप्राइडवर भारतात २०११ साली बंदी आली, म्हणून इथे डॉक्टर मोसाप्राइड किंवा प्रुकॅलोप्राइडसारखा पर्याय बघतात. आत खडा अडकलेला असताना चालना देणारं औषध सुरू करू नये, आधी मोकळं, मग चालना.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांचंच काम जास्त असतं. मांजराची भूल आणि एक्स-रे यांची सोय आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. सातारा जिल्ह्यात पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या मांजरासाठी तिथला सल्ला घेता येतो, पण सांगलीहून हा काही तासांचा प्रवास आहे. वाटेत इन्सुलिनची वेळ येणार असेल तर थंड पिशवी, ग्लुकोमीटर, मध आणि मांजराचं खाणं सोबत हवं.

वहीत काय लिहायचं

रोज एक ओळ: सकाळ-संध्याकाळची साखर, डोस, किती खाल्लं, लघवीचे गोळे किती, शी झाली का आणि कशी. «कशी» साठी तीनच शब्द पुरेत: खडे, लांबट घट्ट, पातळ. आठवड्यातून एकदा वजन, भाजीच्या काट्यावर पिशवीत बसवून चालतं. महिन्याची पानं समोर ठेवली की दिसायला लागतं: साखर तीनशेच्या वर गेली आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी खडे आले, किंवा साखर नीट असतानाही अमावस्या-पौर्णिमेसारखं ठरल्या अंतराने अडतंय. पहिलं असेल तर डोस आणि इन्सुलिनच्या बाटलीकडे बघा, दुसरं असेल तर एक्स-रे.

शी सलग तीन आठवडे लांबट आणि ओलसर राहिली तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड कमी करून बघा, दर आठवड्याला एक चिमूट, एका वेळी एकच बदल. त्याच आठवड्यात खाणं बदलू नका आणि डोसही. मार्च संपता संपता, ऊन चढायला लागलं की, कमी केलेली पूड पूर्वीच्या मात्रेवर न्या आणि जेवणातलं पाणी चमचाभर वाढवा.